परताव्याचा मेल आणि उजवीकडून वाचायचा पत्ता

गेल्या ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या मामांच्या डेबिट कार्डावरून २४,९९९ रुपये गेले. मामा निवृत्त मुख्याध्यापक आहेत, हिशेबाला पक्के आहेत आणि अनोळखी नंबरवरून आलेला फोन सहसा उचलतही नाहीत. त्यांचे आयकर विवरणपत्र दर वर्षी मीच भरतो. जे घडले ते लिहायला त्यांनीच मला सांगितले, कारण त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातल्या आणखी दोघांना त्याच आठवड्यात तसाच फसवा मेल आला होता.

विवरणपत्र भरून आठच दिवस झाले होते. आयकर विभागाच्या नावाने आलेल्या मेलमध्ये लिहिले होते की, आपला १८,३४० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, मात्र बँक खात्याची पडताळणी अपुरी असल्यामुळे तो थांबला आहे, आणि चोवीस तासांत ती पूर्ण न केल्यास परतावा रद्द होईल. प्रत्यक्षात मामांचा परतावा ६,२१० रुपयांचा होता आणि तो आकडा मी त्यांना सांगितलाही होता. "व्याज धरून झाले असतील, असे वाटले," असे ते नंतर म्हणाले. परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते हे त्यांना ठाऊक होते, पण त्या दराने सहा हजारांचे अठरा हजार व्हायला वर्षानुवर्षे लागतील, हा हिशेब त्या क्षणी त्यांनी केला नाही. एरवी त्यांनी तो तोंडी केला असता. चोवीस तासांची मुदत मेलमध्ये घातलेली असते ती नेमकी याचसाठी.

दुव्यावर बोट ठेवताच जे पान उघडले त्यावर राजमुद्रा होती, रंग आणि मांडणी खऱ्या पोर्टलची होती. तिथे पॅन, जन्मतारीख, खाते क्रमांक आणि अखेरीस कार्डाचा क्रमांक व मागचे तीन आकडे मागितले गेले. ओटीपी आला, मामांनी तो भरला, आणि पानावर अक्षरे उमटली की पडताळणी अयशस्वी झाली आहे, नवा ओटीपी भरा. दुसरा संदेश आला तेव्हा मामांचा चष्मा टेबलावर होता, म्हणून मामींनी तो मोठ्याने वाचला. त्यात ओटीपीच्या पुढे खरेदीची रक्कम आणि एका दुकानाचे नाव होते. मामींनी विचारले, "अहो, हे पैसे येणार आहेत की जाणार आहेत?" तिथेच मामांचा हात थांबला. पहिल्या संदेशातही तेच लिहिलेले होते, पण त्यांनी त्यातले फक्त सहा आकडे उचलले होते.

मामींचा तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. खात्यात पैसे जमा होण्यासाठी कार्डाचे मागचे आकडे लागत नाहीत, ओटीपी लागत नाही आणि यूपीआयचा पिनही लागत नाही. पैशांच्या व्यवहारात या गोष्टी पैसे बाहेर जाण्यासाठीच लागतात. परतावा तर पोर्टलवर आधीच वैध करून ठेवलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो.

अशा मेलमधल्या भाषेच्या चुका शोधा, असा सल्ला अजूनही सगळीकडे दिला जातो. माझ्या मते तो आता घातक झाला आहे. मामांना आलेल्या मेलमध्ये शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि चूक शोधायची सवय असलेल्या शिक्षकाला ती सापडली नाही म्हणूनच त्यांचा विश्वास बसला. निर्दोष मजकूर लिहून देणारी साधने आज कोणालाही उपलब्ध आहेत. अक्षरांवरून पारख करण्याचे दिवस गेले. पारख करायची ती पत्त्याची.

संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून वाचायचा असतो, आणि मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. पाकिटावर आपण 'पुणे निवास, मु. पो. औसा, जि. लातूर' असे लिहिले, तर ते पत्र लातूर जिल्ह्यातच जाणार. घराच्या नावात पुणे आहे म्हणून ते पुण्याला जात नाही. इथेही तसेच आहे. पत्त्यातल्या सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे जे असते ते खरे गाव. आयकर विभागाचा पत्ता 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' असा संपतो. विवरणपत्रे तपासणाऱ्या बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राचे मेल 'सीपीसी डॉट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' वरून येतात. त्यात डावीकडे एक शब्द वाढला आहे, पण शेवट तोच आहे, म्हणून ते घर त्याच गावातले. मामांनी उघडलेल्या पानाच्या पत्त्यातही 'इन्कमटॅक्स' आणि 'गव्ह' हे दोन्ही शब्द होते, पण ते डावीकडे होते, आणि शेवटी कोणाचे तरी भलतेच नाव होते. मोबाइलच्या अरुंद पट्टीत लांब पत्ता पुरता मावत नाही, याचाही असे लोक फायदा घेतात. शिवाय इंग्रजीतली आर आणि एन ही लहान अक्षरे शेजारी आली की डोळ्याला एम दिसतो, तेव्हा घाईत नुसते वाचून भागत नाही.

बँकांच्या बाबतीत ही पारख आता थोडी सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाकडे नेण्यास सांगितले, आणि हा शेवट बँकांखेरीज इतर कोणाला मिळत नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर मात्र कोणी विसंबू नये. तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधला रस्ता बंदिस्त आहे एवढेच ते कुलूप सांगते. रस्त्याच्या टोकाला कोण बसले आहे हे सांगत नाही. लोक त्याचा भलता अर्थ लावतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकले.

पाठवणाऱ्याच्या नावाचेही तसेच आहे. मोबाइलवरच्या मेलमध्ये वर ठळक दिसते ते नाव पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेले असते आणि तिथे तो हवे ते लिहू शकतो. त्या नावावर बोट ठेवले की खरा पत्ता उघडतो. संगणकावर जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडले तर मेल खरोखर त्याच पत्त्यावरून आला का हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्यांचा निकालही दिसतो. त्यात 'फेल' दिसले तर मेल तिथेच सोडून द्यावा. पण 'पास' दिसले तरी मेल त्या पत्त्यावरूनच आला आहे एवढेच सिद्ध होते, तो पत्ता प्रामाणिक माणसाचा आहे हे सिद्ध होत नाही.

घाईत, थकलेले असताना किंवा चष्म्याविना असताना ही सगळी पारख कोणाकडूनही चुकू शकते. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना 'तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला आहे' असा गूगलच्या नावाचा मेल आला. तो संगणकाची जाण असलेल्या सहकाऱ्यांनी पाहिला, त्यातल्या एकाने तो खरा असल्याचे कळवले, आणि पोडेस्टांचे हजारो मेल पुढे जगासमोर आले. खोटा म्हणायचे होते, चुकून खरा असे लिहिले गेले, असे त्या सहकाऱ्याने नंतर सांगितले. म्हणून मी घरात एकच गोष्ट ठरवली आहे: मेलमधल्या दुव्यावरून कोणत्याही खात्यात शिरायचे नाही, मग तो मेल खरा का असेना. मेल वाचायचा, बंद करायचा, आणि पत्ता स्वतः टाइप करून किंवा बँकेच्या अॅपमधून आत जायचे. काम खरे असेल तर ते तिथेही दिसते. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणारे अॅप, वापरणाऱ्यांना आणखी एक राखणदार मिळतो, कारण पत्ता जुळला नाही तर तो पासवर्ड आपोआप भरत नाही. तो असा गप्प राहिला तर आपणही थांबावे. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने आत जायची सोय, त्याहून भक्कम आहे, कारण ती ज्या पत्त्यासाठी तयार केली त्याखेरीज दुसरीकडे चालतच नाही. ओटीपी मात्र खोट्या पानावर भरला तर त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरला जातो, आणि मामांच्या बाबतीत तेच झाले.

मामींनी मला लगेच फोन केला. आम्ही आधी कार्ड बंद केले, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक विचारतात, म्हणून बँकेचा संदेश पुसून टाकू नये. त्यानंतर 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' वर सविस्तर तक्रार केली आणि तो मेल सर्ट-इन या सरकारी संस्थेकडे पाठवला. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे होते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे प्रत्येक मिनिटाला किंमत असते. पण माणसे ती मिनिटे शरमेत घालवतात. मामाही म्हणत होते, "अरे, उद्या सकाळी बघू, आत्ता कोणाला सांगू नकोस." ज्या माणसाने चाळीस वर्षे मुलांना शिकवले त्याला आपण फसलो हे म्हणवत नव्हते, आणि ते ऐकताना मला पैशांपेक्षा त्याचेच जास्त वाईट वाटले. गेलेल्या रकमेपैकी काही भाग पुढच्या खात्यात गोठवला गेला, बाकीची गेली.

ऑक्टोबरमध्ये, विवरणपत्र तपासून झाल्यावर येते ते कलम १४३ (१) चे खरे सूचनापत्र मेलने आले. मामांनी पाठवणाऱ्याचा पत्ता उजवीकडून वाचला, मेल बंद केला आणि पोर्टलचा पत्ता एकेक अक्षर करून स्वतः टाइप केला. ६,२१० रुपये आणि वर थोडे व्याज असा आकडा तिथे होता. मग पासबुक घेऊन ते बँकेत गेले, नोंद भरून आणली आणि मामींपुढे ठेवली.