खोडलेली ओळ

आमच्या शोध-बचाव टीमची नोंदवही माझ्याकडे असते. गुडघा गेल्यापासून मी चढत नाही. तळाला टेबल टाकून नकाशा आणि वॉकी-टॉकी सांभाळतो. त्यामुळे वर्षअखेरीच्या मेळाव्यात कौतुक कुणाचं करायचं, ही यादीही माझ्याच गळ्यात पडते. आम्ही सगळे बिनपगारी, नोकरीधंदा सांभाळून येणारे. वर्षातून एकदा चार चांगले शब्द, एवढीच काय ती कमाई.

यंदा प्रमुख म्हणाले, "पाच नावं काढा. फोटो असतील तर बरं."

फोटोचं ऐकल्यावर नावं कुठली निघणार ते कळलंच. दोरावर लटकून स्ट्रेचर उतरवणाऱ्याचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो. रात्रभर काट्यांत शोधून रिकाम्या हाताने परतलेल्याचा कुणी काढत नाही. काढला तरी त्यात दिसणार काय, चिखल?

वही चाळताना एका पानाशी थांबलो. त्यावर माझीच एक ओळ खोडलेली होती.

स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा संध्याकाळी घरातून बाहेर पडले होते. अशी व्यक्ती हरवली की नेहमीचे आडाखे चालत नाहीत. डोंगरात वाट चुकलेला जाणता माणूस शिट्टी वाजवतो: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर गप्प; आपण उत्तर द्यायचं मिनिटाला तीन. आजोबांकडून साध्या हाकेलाही ओ मिळेल याची खात्री नव्हती. असे लोक बऱ्याचदा पुढे पुढे चालत राहतात आणि कशात तरी अडकले की तिथेच थांबतात. झुडपात, ओढ्यात, कुंपणाशी. शोधणारे चार हातांवरून निघून जातात, तरी हूं की चूं नाही.

नकाशावर पट्टे पाडले. ओढ्याकाठच्या पट्ट्यात ते असण्याची शक्यता मी 40 टक्के धरली आणि तो ताईंच्या रांगेला दिला. त्यांची शोधायची पद्धत मला माहीत आहे. दर काही पावलांवर त्या मागे वळून बघायला लावतात, कारण झुडपाची एक बाजू जाताना दिसते, दुसरी फक्त वळल्यावर.

पहाटे त्या परतल्या. हातांवर ओरखडे, आवाज बसलेला. मी न विचारताच लिहून टाकलं: "ओढ्याचा पट्टा पूर्ण. निरंक."

त्यांनी वहीत डोकावून बघितलं. "काका, पूर्ण नाही. वरच्या वळणाला करवंदीसारखी दाट जाळी आहे, तिच्यात अंधारात घुसता आलं नाही. बाहेरून टॉर्च मारला, पण ते शोधलं असं नाही म्हणता येणार. एकंदर सत्तर टक्के लिहा."

नऊ तास राबलेल्या माणसाला "पूर्ण" म्हणण्याचा किती मोह होत असेल! लिहिलेलं तर मी आधीच होतं. नुसतं गप्प राहिल्या असत्या तरी भागलं असतं. मी ओळ खोडली.

आता यातला हिशेब सांगतो, कारण मेळाव्यात तो सांगायला कुणी देत नाही. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधताना जे गणित मांडलं गेलं, त्याच्याच घराण्यातलं हे. 40 टक्के शक्यतेचा पट्टा 70 टक्के कसून शोधला आणि माणूस मिळाला नाही, तर त्या पट्ट्याची शक्यता शून्य होत नाही, 17 टक्क्यांच्या आसपास उतरते. बाकीच्या पट्ट्यांची तेवढी चढते. "पूर्ण" ही माझी ओळ तशीच राहिली असती, तर मी तो पट्टा नकाशावरून काटून सगळी ताजी कुमक पलीकडच्या उतारावर पाठवली असती. तसं ठरवूनच बसलो होतो. पण आता ते 17 टक्के पट्टाभर पसरलेले नव्हते, बहुतेक त्या एका जाळीत साठले होते. म्हणून उजाडताच चौघांना तिकडे धाडलं.

आजोबा जाळीतच होते. अंग गार, ओलं, आणि कापरं थांबलेलं. ही खूण वाईट. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो आणि आणखी घसरत गेलं की शरीर कापायचंही सोडून देतं. आडवंच ठेवलं, ओले कपडे कापून काढले, कोरड्यात गुंडाळलं, हातपाय चोळू दिले नाहीत. गारठलेल्या हृदयाला हिसकासुद्धा सोसत नाही. सहा जण स्ट्रेचरला, बाकीचे खांदेपालटासाठी मागे. आजोबा वाचले.

तळावर जमलेल्यांत कुजबुज झालीच: "रात्रभर तिथेच शोधत होते ना? मग सापडले कसे नाहीत?" ताईंनी ते ऐकलं. त्या बूट सोडत होत्या, सोडत राहिल्या.

यादीत मी त्यांचं नाव पहिलं लिहिलं. प्रमुखांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, शोधून तर त्या नव्या मुलाने काढलं!"

"त्याला कुठे शोधायचं ते कुणी सांगितलं?"

थोडी बाचाबाची झाली. शेवटी नवा मुलगाही यादीत आला, माझी हरकत नव्हती. जाळीत सरपटत तोच गेला होता.

मेळाव्यात ताईंची पाळी आल्यावर पडद्यावर दाखवायला फोटो नव्हता. मी वहीचं पान उघडलं आणि खोडलेली ओळ, मग तिच्याखालची ओळ वाचून दाखवली: "4.10. पट्टा 70 टक्के. वरच्या वळणाची जाळी बाकी." मागच्या रांगांना काही कळलं नाही, टाळ्या आल्याच नाहीत. पुढच्या रांगेत, रात्री त्यांच्याबरोबर काट्यांत असलेले सहा जण मात्र उभे राहिले.

ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "काका, 4.20. परत आले तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं."

मी पेन काढलं.