जिप्सम गेलं कुठे?

कोअर म्हणजे खोल खोदून काढलेला खडकाचा लांब दंडगोल. कोअर लॉगिंग म्हणजे दिवसभर त्या दगडाकडे टक लावून बघायचं आणि दिसेल ते, दिसेल तसं लिहायचं. मेक्सिकोतल्या युकातानच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्रतळ खोदून २०१६च्या एप्रिल-मेमध्ये चिक्शुलूब विवराचा, म्हणजे डायनासोरांचा अंत करणारा लघुग्रह जिथे आदळला त्या खड्ड्याचा, कोअर काढला. त्याच वर्षी तो जर्मनीत ब्रेमेनला उभा चिरला, तेव्हा माझ्या वाट्याला सुएवाइट आला. सुएवाइट म्हणजे आघातात वितळलेल्या आणि फुटलेल्या खडकांचा काला.

विवर जवळपास १८० किलोमीटर व्यासाचं, पण डोळ्यांना दिसत नाही. वर शेकडो मीटर चुनखडी साचलीये. १९७८मध्ये पेमेक्स या तेल कंपनीसाठी चाललेल्या चुंबकीय सर्वेक्षणात ग्लेन पेनफील्ड यांना समुद्राखाली एक कमान दिसली. जमिनीवरच्या गुरुत्वाकर्षणातले फरक दाखवणाऱ्या नकाशातली कमान तिला जोडली आणि वर्तुळ पुरं झालं. तरी हे आघाताचं विवर आहे हे जगाला पटायला १९९१ उजाडलं.

कोअरवर पाणी मारलं की रंग उठून येतात. हिरवट काळी काच, तिची बरीचशी आता चिकणमाती झालेली. मध्येच पांढरी चुनखडी, गुलाबी ग्रॅनाइटचे तुकडे. खाली मुठीएवढे, वर जावं तसे बारीक होत वाळूइतके, कारण समुद्र विवरात परत घुसला आणि त्याने सगळं निवडून खाली बसवलं. समुद्रतळाखाली ६१७ ते ७४७ मीटर, म्हणजे १३० मीटर जाडीचा हा थर, आणि त्यातला बहुतेक भाग एका दिवसातला! मी आयुष्यभर असे खडक बघितले जिथे एक मीटरला हजारो वर्षं लागतात.

लॉगमधला जिप्सम-ॲनहायड्राइटचा रकाना मात्र रिकामाच राहत होता. युकातानच्या तीनेक किलोमीटर जाडीच्या गाळाच्या खडकांत या दोन्ही सल्फेटांचा, म्हणजे गंधक असलेल्या खनिजांचा, चांगलाच भरणा आहे. २००१-०२मध्ये याच विवरात, पण जमिनीवर खोदलेल्या याश्कोपोइलच्या कोअरमध्ये तर ॲनहायड्राइटचे मोठमोठे ठोकळे आहेत. इथे जवळजवळ नाहीच. पहिली शंका अर्थातच पाण्यात विरघळल्याची. काही भाग तसा गेला असेलही, पण सगळाच? मला पटत नव्हतं.

२०१९च्या शोधनिबंधात उत्तर आलं ते असं: सल्फेटाची वाफ होऊन ती वातावरणात गेली, किमान ३२५ अब्ज टन गंधक घेऊन. त्याच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला, थंडी पडली, अन्नसाखळी तुटली आणि सुमारे तीन-चतुर्थांश प्रजाती नष्ट झाल्या.

माझं शिक्षण दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे तिथल्या थिजलेल्या लाव्हावर झालं. या विनाशाचा दोष त्या लाव्हाला देणारे जुने सहकारी मला अजून फितूर म्हणतात. त्या लाव्हानेही गंधक सोडलंच, हे मला मान्य आहे. पण ते लाखो वर्षांत, हप्त्याहप्त्याने. चिक्शुलूबने सगळं एकदम सोडलं.