गल्लीतल्या नळाला घाण पाणी का येत होतं?

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पाणी सुटलं की आधी काळपट, वास मारणारं यायचं आणि मग स्वच्छ. सासूबाईंना जुलाब लागले तेव्हा आम्ही शेजाऱ्यांनी मिळून लेखी तक्रार दिली.

सगळ्यांचा संशय फिल्टर हाऊसवर, म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रावर. पण त्याच टाकीचं पाणी पलीकडच्या गल्लीत चांगलं येत होतं. चावी, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह, सोडणाऱ्या काकांनी उलगडा केला. "वहिनी, दाब हाय तवर फुटक्या पाईपातनं पाणी भाईर जातंय. चावी बंद झाली की गटारीचं आत वढतंय." ठराविक वेळच पाणी मिळणाऱ्या गावात हे रोज घडू शकतं. त्यात कुणी लाईनलाच मोटर जोडली की ओढ आणखी वाढते. आमच्याकडच्या मोटरी वाद घालून काढायला लावल्या, आणि ते योग्यच झालं.

जागा सापडली क्लोरीनच्या तपासणीमुळं. नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिन नावाच्या रसायनाचे) थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला हवा. गल्लीच्या तोंडाच्या घरांत रंग आला, आतल्या घरांत आलाच नाही. क्लोरीन घाणीवर खर्ची पडत होता, म्हणजे भोक मधेच कुठंतरी. पाणी चालू असताना तिथल्या गटारीतली धार वाढलेली दिसली. उकरल्यावर पाडलेल्या एका जुन्या घराचं कनेक्शन निघालं. गंजलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाईप गटारीतच बुडालेली, तोंड धड बंदही नाही.

मुख्य लाईनवरच ते कनेक्शन तोडून बूच मारलं, लाईन धुऊन काढली. मग तपासणीसाठी पाण्याचा नमुना घेतला. बाटली निर्जंतुक, आत सोडियम थायोसल्फेट. ते नसेल तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल उगाच चांगला येतो. शंभर मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म, म्हणजे मैलापाणी मिसळल्याची खूण देणारा जंतू, एकही नको. आमच्या अहवालात नव्हता.

काळम्मावाडी धरणाचं पाणी २०२३ मध्ये थेट पाईपलाईननं पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं, तेव्हा अख्ख्या कोल्हापूरला आनंद झाला, मलाही. पण धरणापासून स्वच्छ आणलेलं पाणी दारातल्या गटारीपाशी नासतं, हे मला सहन होत नाही. घर पाडताना नळ कनेक्शन मुख्य लाईनवर बंद केल्याशिवाय परवानगीच देऊ नये, अशी मागणी आम्ही अर्जात केली आहे. तुमच्या गल्लीत पाणी घाण येत असेल तर तक्रारीत पाणी सुटल्याची वेळ आणि कुठल्या घरापासून खराब येतं ते जरूर लिहा. शोध तिथूनच लागतो.