मीटरवरचा 0.38

रविवार, रात्री साडेदहा

सापडलं एकदाचं. दोनदा साबणाने धुऊनही हाताला ग्रीसचा वास येतोय, पण हे आजच लिहून ठेवायचंय.

गाडी 2003 ची. दिवाळीपासून एकच रड: शुक्रवारी उभी केली की मंगळवारी सेल्फला नुसतं टकटक. गेल्या मंगळवारी आई डोळ्यांच्या तपासणीसाठी तयार होऊन आत बसली होती. धक्का मारून गाडी सुरू होईपर्यंत दवाखान्याची वेळ टळली. ती काही बोलली नाही, मला मात्र ते फार लागलं. बॅटरी तर नवीच होती. दुकानात गाडी चालू ठेवून चार्जिंग बघितलं होतं, 14.2 व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. मीही ते धरून चाललो.

बॅटरी कशाने उतरते ते बघायला आज करंट मोजणारा मल्टिमीटर काढला. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची मायनस केबल सोडवली, मीटर दहा अँपिअरवर ठेवून एक टोक टर्मिनलला आणि दुसरं त्या केबलला लावलं. आता जो करंट जाईल तो मीटरमधूनच. अशा वेळी चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असल्याने दार उघडं ठेवणं भाग होतं. दाराचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं, नाहीतर आतल्या दिव्याचाच करंट मोजत बसलो असतो. थोडा वेळ थांबलो. आकडा 0.38 अँपिअरवर ठरला.

घड्याळ आणि म्युझिक सिस्टिमची मेमरी धरून 0.02-0.03 पुरे. 0.05 च्या वर गेलं की शोध घ्यायचा. 0.38 म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-अवर, आणि बॅटरी 35 ची. शुक्रवार ते मंगळवारचं गणित तिथेच सुटलं.

लेक वही घेऊन मीटरपाशी बसली, मी खाली वाकून एकेक फ्यूज उपसत होतो. माझा सगळा संशय म्युझिक सिस्टिमवर, कारण आधीच्या मालकाने ती वायरी पिळून, टेप गुंडाळून जोडलेली.

"हलला का?"

"छत्तीस झालं, बाबा."

म्हणजे 0.36. कमी झालेला 0.02 ही तर नुसती मेमरी. मग लाल दहाचे, निळे पंधराचे, पिवळे वीसचे, सगळे ताटलीत जमले. दर वेळी तेच उत्तर, "तेवढंच आहे." शेवटचा निघाला तरी छत्तीस.

बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिलो. या बॉक्समधून न जाता बॅटरीवरून सरळ जाणाऱ्या जाड वायरी दोन: स्टार्टरची आणि अल्टरनेटरची. गाडी शुक्रवारपासून बंद. इंजिन गार, रेडिएटर गार. अल्टरनेटरच्या पाठीला तळवा टेकवला, तर किंचित कोमट! थंडीच्या दिवसांत, सकाळी नऊला.

आधी मीटर काढला, कारण ती वायर कायम जिवंत असते. मग नट सोडून वायर बाजूला केली, टोकाला टेप गुंडाळली, मीटर पुन्हा जोडला.

"शून्य!" लेक ओरडली.

सगळे फ्यूज परत बसवले. 0.02.

अल्टरनेटरमध्ये तयार होतो तो एसी करंट. त्याचा डीसी करणारे डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतात. ते झिरपू लागले, की गाडी बंद असताना बॅटरीतला करंट उलटा अल्टरनेटरमध्ये जातो. इंजिन चालू असताना चार्जिंग होतच राहतं, म्हणून त्या 14.2 मध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं. बंद गाडी मोजायला हवी होती.

बुधवार

अल्टरनेटर उतरवून नेला, डायोड प्लेट बदलून आणली. मीटरवर 0.02. आईची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. तोवर गाडी मुद्दाम जागची हलवणार नाही.