दिजोंचं नोत्र-दाम: अरुंद गल्लीतलं १३व्या शतकातलं चर्च कसं बघावं

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून टीजीव्हीने दिजोंला साधारण एक तास चाळीस मिनिटं लागतात. बहुतेक लोक इथे मोहरी, वाइन आणि बरगंडीच्या ड्यूकांचा राजवाडा यासाठी येतात. नोत्र-दामच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतात. भिंतीवर कोरलेल्या घुबडाला हात लावायचा, दर्शनी भागाचा फोटो काढायचा की झालं. पण १३व्या शतकातल्या गवंड्यांनी कमी जागेत काय करून दाखवलं ते बघायचं असेल, तर या चर्चला किमान दोन तास द्यावेत. त्यातला अर्धा तास बाहेरच जातो.

आधी एक गोष्ट पक्की करू. हे कॅथेड्रल नाही. दिजोंचं आजचं कॅथेड्रल म्हणजे सँ-बेनिन्य, ते वेगळं आहे आणि स्टेशनच्या जास्त जवळ आहे. टॅक्सीवाल्याला किंवा मोबाइलच्या नकाशाला नुसतं ‘दिजोंचं कॅथेड्रल’ सांगितलंत तर तिकडेच पोचाल. नोत्र-दाम हे मोहल्ल्याचं चर्च, बाजाराजवळचं, व्यापारी आणि कारागिरांच्या वस्तीतलं. त्याआधी याच जागी दुसरं चर्च होतं आणि बाजाराजवळ असल्यामुळे त्याच्या नावातही बाजार होता. आताची इमारत साधारण १२२० ते १२५० या काळात उभी राहिली. ती कोणी रचली त्याचं नाव मात्र कुठेही टिकलेलं नाही.

तारखांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. चर्चचं पवित्रीकरण ८ मे १३३४ ला झालं, आणि ती तारीख वाचून लोक बांधकाम त्या वर्षी संपलं असं धरून चालतात. प्रत्यक्षात इमारत त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती. मध्ययुगातल्या चर्चांचं पवित्रीकरण असंच अनेकदा दशकांनी उशिरा होई, त्यामुळे त्या तारखेवरून बांधकामाचा काळ ठरवू नये.

स्टेशनवरून चालत १५-२० मिनिटं लागतात. प्लास दार्सीवरून जुन्या गावात शिरायचं आणि बाजाराच्या, म्हणजे ‘ले आल’च्या अंगाने जाणाऱ्या र्यू म्युझेतने चर्चकडे यायचं. हाच रस्ता घ्या, कारण दर्शनी भाग पूर्ण दिसेल अशी तेवढीच जागा आहे. चर्चसमोरचा चौक इतका छोटा आहे की तिथे उभं राहून मान मोडेस्तोवर वर बघितलं तरी वरचा मजला नीट दिसत नाही. र्यू म्युझेतमध्ये थोडं मागे सरकून उभे राहा. दर्शनी भाग पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो आणि दुपारनंतर त्यावर उजेड येतो. बाजार मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी सकाळी भरतो. शनिवारी गर्दी असते, फोटो हवा असेल तर तो दिवस टाळावा. खायला मात्र तोच दिवस चांगला: ब्रेड, कोंते चीज, फळं आणि मध-मसाल्याचा ‘पँ देपीस’ एवढ्यात जेवण भागतं. गुजेर नावाच्या चीजच्या गोळ्यांत अंडं असतं, हे शाकाहारी माणसाने लक्षात ठेवावं.

आता दर्शनी भाग. खाली तीन कमानींची ओसरी, तिच्यावर बारीक खांबांच्या कमानींच्या दोन रांगा, एकीवर एक. या तिन्ही मजल्यांच्या माथ्यावर पन्हळीच्या मुखांच्या, म्हणजे गार्गॉइलच्या, तीन पट्ट्या आहेत, प्रत्येकीत १७, म्हणजे एकूण ५१. वर दोन मनोरे येणार होते, ते कधी झालेच नाहीत. म्हणून हा भाग एखाद्या पडद्यासारखा सपाट आणि चौकोनी दिसतो. नीट पाहिलं की खटकतं आणि मग आवडायला लागतं.

ही मुखं मध्ययुगीन नाहीत. फोटोखाली ‘१३व्या शतकातले राक्षस’ असं लिहिण्याआधी दुर्बीण लावून बघा, ८ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. खऱ्या पन्हळीच्या तोंडातून छताचं पाणी वाहायला वाट असते, या मुखांतून पाणी जातच नाही. ती १८८० ते १८८२ दरम्यान सात शिल्पकारांनी नुसत्या शोभेसाठी कोरली. मूळ मुखं फार लवकर काढून टाकली गेली. एतिएन द बुर्बाँ नावाच्या १३व्या शतकातल्या डोमिनिकन साधूने लिहून ठेवलंय की १२४०च्या सुमारास लग्नासाठी आलेल्या एका सावकाराच्या डोक्यावर, योगायोगाने, सावकाराचंच शिल्प कोसळलं आणि तो मेला. मग गावातल्या इतर सावकारांनी पैसे देऊन बाकीची मुखं पाडून घेतली. गोष्टीतला बोध बाजूला ठेवला तरी इतिहासाच्या दृष्टीने तिचा उपयोग आहे: १२४०च्या आसपास दर्शनी भाग उभा होता, एवढं त्यावरून कळतं.

ओसरीत शिरल्यावर दारांवरच्या अर्धगोल फलकांकडे बघा. तिथे मोठं शिल्पकाम होतं, आता नुसती ओबडधोबड खरवड दिसते. लोकांना वाटतं की दगड झिजलाय. तसं नाही. झिजलेल्या दगडाच्या कडा गोल होतात आणि खोलगट जागी तपशील शिल्लक राहतो. इथे आकृत्या मुळापासून छिनीने उडवल्या आहेत. क्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, हे झालं. तिरक्या उजेडात फलकावर मूळ आकृत्यांची रूपरेषा अजून ओळखू येते.

आत गेल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं द्या आणि मुख्य दालनाच्या मागच्या टोकाला उभे राहा. वर छत सहा भागांचं आहे: प्रत्येक चौकोनी खणात दोन तिरप्या फासळ्या आणि मधून एक आडवी, म्हणून छताचे सहा तुकडे पडतात. त्यामुळे एकाआड एक खांबावर जास्त फासळ्यांचा भार येतो आणि मधल्यांवर कमी. खाली मात्र गोल खांब दिसायला सारखेच. फरक शोधायचा असेल तर खांबाच्या माथ्यावरून वर जाणाऱ्या बारीक दांड्यांत शोधा.

या दांड्यांपाशी थांबायलाच हवं. व्हियोले-ल-द्युक या १९व्या शतकातल्या वास्तुतज्ज्ञाने आपल्या कोशात बांधकाम हा विषय समजावताना दिजोंच्या या चर्चचा सविस्तर दाखला घेतला, तो उगाच नाही. चुनखडीचा दगड थरांचा असतो. भिंतीत चिरा लावताना तो खाणीत जसा आडवा होता तसाच लावतात, म्हणजे भार थरांवर लंब पडतो आणि दगड टिकतो. आपल्याकडच्या काळ्या कातळात असे थर नसतात, म्हणून आपल्या डोळ्यांना हा नियम पटकन दिसत नाही. इथले दांडे मात्र थर उभे ठेवून लावले आहेत. लांब, सडपातळ, अखंड दगड हवा असेल तर खाणीतून तो आडवाच निघतो आणि मग उभा करावा लागतो. थर उभे असले की दगड सोलल्यासारखा फाटण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यासाठी घट्ट, कठीण दगडच लागतो. बरगंडीत तो मिळत होता.

फायदा असा: भिंत म्हणजे अनेक चिरा आणि त्यांच्यामधला चुना. चुना वाळताना आणि दाबाखाली प्रत्येक सांधा किंचित बसतो. वीस-तीस सांध्यांचं मिळून भिंत दिसण्याइतकी खाली जाते. अखंड दांड्याला सांधेच नाहीत, तो बसत नाही. दोन्ही एकदम एकमेकांत अडकवून बांधलं तर भिंत खाली जाते, दांडा जात नाही आणि मधे फट पडते किंवा दांडा चिरतो. म्हणून असे दांडे बऱ्याचदा भिंत बसल्यावर मागाहून लावत. नीट लावले तर ते लोखंडी खांबांसारखं काम करतात: भार पेलतात आणि भिंत पातळ ठेवता येते.

पातळ भिंत खरंच किती पातळ ते वरच्या मजल्यांवर दिसतं. खिडक्या बाहेरच्या पातळीवर आहेत, दांड्यांच्या कमानी आतल्या पातळीवर, आणि दोन्हींमधून माणूस चालू शकेल अशी वाट भिंतीतून जाते. दालनाच्या बाजूने तिरकं उभं राहिलं की ही दोन पदरं वेगळी दिसतात. समोरून बघणाऱ्याला ती एकच भिंत वाटते, म्हणून जागा बदलत बघा. वस्ती दाट, बाहेर मोठे टेकू पसरायला जागा नाही. म्हणून भार शक्य तेवढा आत, खांबांवर आणून उतरवला. वोबाँने म्हणे हे चर्च बघून म्हटलं होतं की याला आता फक्त ठेवायला एक पेटी हवी. लष्करी किल्ले बांधणाऱ्या माणसाकडून ही दाद मोठीच.

दालन आणि आडवे बाहू जिथे छेदतात तिथे मधोमध उभे राहून वर बघा. तिथला मनोरा आतून मोकळा आहे आणि खिडक्यांतून उजेड थेट खाली येतो. त्याचं आजचं रूप बरंचसं १८६५ ते १८८४ च्या जीर्णोद्धाराचं आहे. तो लेने या वास्तुकाराने केला. लेनेच्या कामावर टीका करता येते, पण १३व्या शतकातला मनोरा कसा असावा हे त्याला चांगलं कळलं होतं असं इथे उभं राहून वाटतं.

उत्तरेच्या बाहूतल्या पाच उभ्या खिडक्यांची रंगीत काच १३व्या शतकातली आहे. बाकीची बरीचशी १९व्या शतकातली. दोन्हींतला फरक ओळखायचा सोपा मार्ग: जुन्या काचेचे तुकडे लहान, निळा आणि लाल गडद, आणि एकाच रंगात जाडीनुसार छटा बदलते. ढगाळ दिवशी हा फरक जास्त स्पष्ट दिसतो, कडक उन्हात डोळे दिपतात.

वेदीच्या उजवीकडच्या छोट्या गाभाऱ्यात नोत्र-दाम द बों-एस्प्वार ही मेरीची लाकडी काळी मूर्ती आहे, ११व्या-१२व्या शतकातली. मांडीवरचं बाळ आता नाही. १५१३ मध्ये स्विस सैन्याने शहराला वेढा घातला तेव्हा हिची मिरवणूक काढली आणि वेढा उठला, अशी श्रद्धा आहे. वेढा उठण्यामागे शहराचा बचाव करणाऱ्या ला त्रेमुयने केलेला तह आणि पैशांचं आश्वासनही होतं. इथे लोक खरोखर प्रार्थना करत असतात, म्हणून कॅमेरा खाली ठेवा. प्रवेश मोफत आहे. मास, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, चालू असेल तर आत हिंडू नये, नंतर यावं. मेणबत्तीसाठी सुटे युरो जवळ असावेत.

बाहेर पडून उत्तरेकडच्या र्यू द ला शुएतमध्ये वळा. एका नंतरच्या, १५व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या गाभाऱ्याच्या टेकूवर घुबड कोरलंय. डावा हात लावून इच्छा करायची प्रथा आहे, आणि शतकानुशतकांच्या हातांनी त्याचा चेहरा गुळगुळीत, जवळजवळ अनोळखी झालाय. जानेवारी २००१ मध्ये कोणीतरी ते हातोड्याने फोडलं, मग आधी घेतलेल्या साच्यावरून दुरुस्त केलं. दिवसा रांग असते, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. शहरभर फरसबंदीत बसवलेल्या घुबडाच्या पितळी खुणांचा माग काढायचा असेल तर तो जार्दँ दार्सीपासून सुरू होतो आणि त्याचे २२ टप्पे आहेत.

दर्शनी भागाच्या उजव्या टोकाला वर बघायला विसरू नका. तिथे जाकमार हा घंटा वाजवणारा लोखंडी माणूस आहे. बरगंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने १३८२ मध्ये फ्लँडर्समधलं कोर्त्रेक लुटून त्याचं घड्याळ इथे आणलं. वाटेत घंटा फुटली, ती दिजोंमध्ये पुन्हा ओतावी लागली. १६५१ मध्ये जाकमारला बायको मिळाली, १७१४ मध्ये मुलगा, १८८४ मध्ये मुलगी. तासाचा ठोका पडायच्या तीन मिनिटं आधी र्यू म्युझेतमध्ये उभे राहा, चर्चच्या पायथ्याशी नको, कारण तिथून पुतळे कठड्याआड जातात.

छत आणि मनोरा वरून बघायचा तर ड्यूकांच्या राजवाड्यातल्या फिलिप ल बों मनोऱ्यावर चढा: ४६ मीटर उंच, ३१६ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि ठरलेल्या वेळी मार्गदर्शकासोबतच सोडतात. आधी पर्यटन कार्यालयात नाव नोंदवावं लागतं, आयत्या वेळी जागा मिळणं कठीण. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी त्याऐवजी राजवाड्यातलं कलासंग्रहालय बघावं, कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, फक्त मंगळवारी बंद असतं. वर गेलात तर नोत्र-दामकडे बघून न झालेले दोन मनोरे कुठे आले असते ते शोधा. पश्चिमेच्या टोकाला त्यांची जागा रिकामी पडलेली स्पष्ट दिसते.