कुपवाडची शेड, पंपाचे भाग: आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात पंपाचे भाग बनतात: शाफ्ट स्लीव्ह (पंपाच्या फिरत्या दांड्यावर चढणारी नळी), वेअर रिंग (झीज स्वतःवर घेणारी कडी), गनमेटल या तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचे बुश (दांड्याला आधार देणारी नळी), ग्लँड (गळती थोपवणारं पॅकिंग दाबून धरणारा भाग). १९८४ साली आप्पांनी कुपवाड एमआयडीसीत शेड घेऊन दोन जुने लेथ बसवले तेव्हाही हेच बनायचं, आणि आज युरोपला जातं तेही हेच. स्लीव्ह आजही स्लीव्हच आहे. पण ती कोण मागतो, कशी मोजायची, तिच्यासोबत कोणते कागद जायचे आणि पैसे कधी येणार, हे सगळं या चाळीस वर्षांत उलटंपालटं झालं. नवे ग्राहक विचारतात, कामाला येणारी मुलंही विचारतात, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आप्पा मूळचे पलूसकडचे. वाडीला टर्नर म्हणून लागले. आमच्या भागात नुसतं 'वाडी' म्हटलं की किर्लोस्करवाडीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला, आणि मग आसपासच्या गावांतलं शेतकऱ्याचं पोर लेथवर उभं राहिलं तर त्याचं कुणाला नवल वाटेनासं झालं. माझ्या ओळखीच्या कितीतरी वर्कशॉपचे मालक, नाहीतर त्यांचे वडील, तिथेच शिकून बाहेर पडलेले आहेत. आमच्या धंद्याचं भांडवल काय होतं असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगतो. बँकेचं कर्ज नंतर आलं.

सुरुवातीचं काम सगळं जवळपासचं. कृष्णाकाठच्या उपसा योजनांचे पंप आणि साखर कारखान्यांचे स्पेअर. दसऱ्याच्या आगेमागे, गळीत हंगाम तोंडावर आला की वर्कशॉपला रात्र नसायची. कारखान्याचा फिटर झिजलेला बुश पोत्यात घालून एसटीने यायचा, टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आप्पा, असाच पाहिजे." ड्रॉइंग नाही, मटेरियलचा पत्ता नाही. झिजलेल्या तुकड्यावरून मूळ माप काढायचं, शाफ्ट किती खाल्ला असेल त्याचा अंदाज बांधायचा आणि बसेल असा बुश द्यायचा. भाव तोंडी ठरे, उधारी वहीत लागे, पैसे हंगाम संपल्यावर येत. या व्यवहारात लबाडी फार कमी होती. बुश बसला नाही तर फिटर दुसऱ्या दिवशी दारात उभा राहणार, हे दोघांनाही ठाऊक असायचं.

१९९१ च्या उदारीकरणाचा गाजावाजा आमच्या शेडपर्यंत लगेच पोहोचला नाही. आम्हाला त्याचा अर्थ कळला तो पुढे. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला, आणि दोन-तीन वर्षांत पुण्याच्या एका ग्राहकाच्या परचेस ऑफिसात माझ्यापुढे चिनी स्लीव्ह ठेवली गेली. तिचा भाव आम्ही नुसता एसएस ४१० चा (एका जातीच्या स्टेनलेस पोलादाचा) बार, म्हणजे सळई, ज्या किमतीला घेत होतो तेवढा. मी ती मागून सांगलीला आणली. आप्पांनी मापं घेतली, कडकपणा तपासून आणला. माल चांगला होता. बाजारात तेव्हा 'चायना माल टिकत नाही' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. आप्पांनी ते आमच्या शेडमध्ये कुणाला उच्चारू दिलं नाही. समोरच्याचं काम चांगलं असेल तर ते चांगलं म्हणायचं आणि मग आपलं काय ते बघायचं, असा त्यांचा स्वभाव.

त्या एका स्लीव्हमुळे आमचा पुढचा रस्ता ठरला. एकाच मापाच्या हजारो नगांच्या कामात आम्ही हरणार हे उघड होतं. पण जगभर जुने पंप चालू आहेत, वीस-तीस वर्षांपूर्वीचे, आणि त्यांना दहा-वीस नग लागतात, दर वेळी वेगळ्या ड्रॉइंगचे. मोठ्या कारखान्याला असल्या कामासाठी मशीन थांबवणं परवडत नाही. आम्हाला परवडतं. किंबहुना साखर कारखान्यांच्या फिटरांनी आम्हाला नेमकं हेच शिकवून ठेवलं होतं.

पहिलं सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं लेथ, २००६ मध्ये आलं. लोडशेडिंगचा काळ होता, त्यामुळे मशीनच्या हप्त्यासोबत जनरेटरच्या डिझेलचाही हिशेब करावा लागे. लोक समजतात की सीएनसी म्हणजे वेग. आमच्यासारख्यांना तिचा खरा उपयोग वेगळाच झाला. साध्या लेथवर माप टर्नरच्या हातात असतं. शेवटचा कट किती द्यायचा, टूल किती झिजलंय, हे तो आवाजावरून आणि चिपच्या, म्हणजे निघणाऱ्या किसाच्या, रंगावरून ओळखतो. तो रजेवर गेला की माप रजेवर गेलं. सीएनसीवर एकदा प्रोग्राम आणि ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) लिहून ठेवले की तीन वर्षांनी तीच ऑर्डर आली तरी काम तिथूनच उचलता येतं.

मग टर्नरचं काय झालं? हा प्रश्न मला अजूनही सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आमचे सर्वांत जुने टर्नर मशीनच्या पडद्याकडे पाहायलाही तयार नव्हते. प्रोग्राम लिहायला डिप्लोमाची पोरं आली. पण पातळ भिंतीची स्लीव्ह चकमध्ये, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीत, आवळली की गोलाई जाते, सोडली की ती वेगळाच आकार घेते, हे त्या पोरांच्या पुस्तकात नव्हतं. चकचे मऊ जॉ (जबडे) आतून कसे कातायचे, किती आवळायचं, कोणता कट आधी घ्यायचा, हे त्या जुन्या टर्नरने सांगितलं आणि पोरांनी ते प्रोग्रामात उतरवलं. पुढे ते टर्नर आमचे सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन मांडून देणारे, झाले आणि निवृत्तीपर्यंत नव्या जॉबचा पहिला पीस त्यांच्या सहीशिवाय पुढे गेला नाही. यंत्र आलं की माणूस जातो असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. मालकाने त्याच्या ज्ञानाला नवी जागा करून दिली नाही, तर मात्र तो जातो.

परदेशाचं काम सुरुवातीला एका मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत, म्हणजे इथला माल घेऊन परदेशी विकणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत, आलं. ड्रॉइंग आधी फॅक्सवर यायचं, आकडे पुसट. तीन आहे की आठ, यासाठी फोन करावा लागे. मग ईमेल आली, आणि आता थेट थ्रीडी मॉडेल येतं. पण आमची खरी शाळा झाली ती मोजण्याच्या बाबतीत.

१०० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या भोकाच्या) बुशाला एच-७ टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते अधिक ३५ मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जगभर माप धरायचं ते २० अंश सेल्सिअस तापमानाला, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. आणि एप्रिलमध्ये आमच्या शेडमध्ये पारा चाळिशीत. गनमेटल दर अंशाला मीटरमागे साधारण १८ मायक्रॉन फुगतं. म्हणजे २० अंशांच्या फरकाने १०० मिलिमीटरचा बुश ३६ मायक्रॉन वाढला. टॉलरन्सची सगळी पट्टी सांगलीच्या उन्हातच संपली! मोजायचं गेज पोलादाचं, तेही फुगतं, पण गनमेटलइतकं नाही. तरीही बारा-तेरा मायक्रॉनचा फरक उरतोच. साखर कारखान्याच्या बुशाला याने काही बिघडत नव्हतं. पण आमचा बुश हिवाळ्यात जर्मनीतल्या एका इन्स्पेक्शन टेबलावर मोजला जाणार होता, आणि तिथे बारा मायक्रॉन म्हणजे माल परत.

म्हणून शेडच्या कोपऱ्यात एसीची छोटी इन्स्पेक्शन रूम बांधली. जॉब रात्रभर आत ठेवायचे, सकाळी मोजायचे. रूममध्ये मोजमाप करायला आज तीन मुली आहेत, तिघी डिप्लोमा झालेल्या. मिरज आणि माधवनगरहून येतात. प्रत्येक नगाला नंबर, नंबरापुढे मापं, त्यापुढे बारची किंवा ओतीवाची हीट (भट्टीतला कोणता घाणा ते सांगणारा क्रमांक), आणि हीटचं टेस्ट सर्टिफिकेट. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या कुठल्याही रिंगचं मटेरियल कोणत्या भट्टीतलं, हे त्या पाच मिनिटांत सांगतात. परदेशी ग्राहक आमच्याकडे स्वस्त म्हणून टिकलेला नाही. आमच्याहून स्वस्त देणारे त्याला रोज ईमेल करतात. तो टिकलाय या नोंदींमुळे. फिटर दुसऱ्या दिवशी दारात येऊ शकत होता, जर्मनीचा माणूस येऊ शकत नाही. त्याच्या जागी हा कागद उभा असतो, आणि तो खरा असावा लागतो.

पॅकिंगसुद्धा शिकावं लागलं. लाकडी पेटी परदेशात पाठवायची तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं द्यावी लागते आणि तसा शिक्का पेटीवर लागतो, नाहीतर लाकडातली कीड पलीकडच्या जंगलात जाईल म्हणून माल बंदरातच अडवतात. आमच्या पेट्या करणारा सुतार आधी हे ऐकून हसला होता. आता तो तसलं लाकूड मागवून इतर कारखान्यांनाही पेट्या देतो.

या सगळ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी आमचं संकट म्हणजे पाऊस कमी होणं आणि ऊस घटणं. आता जगात कुठेही काही झालं तरी कुपवाडला कळ लागते. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात जहाज अडकलं. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि न्हावाशेव्याहून युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. माल समुद्रावर दोन आठवडे जास्त म्हणजे आमचे पैसेही दोन आठवडे जास्त समुद्रावर, आणि इथे बारवाल्याचं बिल ठरल्या तारखेला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा तिकडच्या एका चौकशीचं कोटेशन आम्ही कपाटात ठेवून दिलं.

आणि घरची संकटं थांबलेली नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. कुपवाड उंचावर, शेड कोरडी राहिली. पण सांगलीवाडी, हरिपूर, भिलवडीकडच्या आमच्या लोकांची घरं पाण्यात. कोल्हापूरचा रस्ता बंद, त्यामुळे तिथल्या फाउंड्रीतून ओतीव येईना. ग्राहकाला पाण्याचे फोटो पाठवले आणि डिलिव्हरी पुढे ढकलून घेतली. त्याने एका ओळीत मान्यता दिली आणि दुसऱ्या ओळीत विचारलं, तुमचे कामगार सुखरूप आहेत ना. व्यापार दूरचा असला की माणुसकी आटते असं म्हणतात. माझा अनुभव तसा नाही.

पैशाबाबत मात्र मनात खंत आहे. परदेशाचे पैसे ठरल्या तारखेला येतात. आपल्याकडच्या मोठ्या ग्राहकांकडून नव्वद, कधी एकशेवीस दिवस. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत हा कायदा २००६ चा आहे. वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येणार नाही, ही तरतूद लागू झाल्यावर थोडा फरक पडला, पण तो मार्चअखेरीला जास्त दिसतो आणि एप्रिल उजाडला की विरतो. छोट्या कारखान्याने नवं मशीन घ्यावं, मुलांना चांगला पगार द्यावा, असं वाटत असेल तर इथे सुधारणा व्हायलाच हवी. आमच्याकडे तयार झालेली पोरं चाकण-रांजणगावला जातात ती काही हौसेने जात नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून गावी परतलेले काहीजण आमच्याकडे लागले आणि टिकले, कारण आई-वडिलांजवळ राहून तेच काम करता येतं हे त्यांनी पाहिलं. त्यांना टिकवायचं तर वेळेवर येणाऱ्या पैशांना पर्याय नाही.

सध्या आमच्या टेबलावर नवा विषय आहे तो कार्बनचा. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालाच्या उत्सर्जनाची माहिती घ्यायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीवर त्याची किंमत तिथल्या आयातदाराला मोजावी लागणार आहे. मूळ यादीत पोलादी नट-बोल्ट आहेत, पंपाचे भाग नाहीत. तरी आमच्या ग्राहकाने विचारलंच: एका रिंगमागे कार्बन किती? इंडक्शन भट्टीत एक टन ओतीव लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते, आणि देशाच्या ग्रिडच्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात. इतकं कागदावर मांडता येतं. पण ग्राहकाला सरासरी नको, आमच्या रिंगचा आकडा हवा. तो काढायचा तर भट्टीपासून आमच्या मशीनपर्यंत सगळीकडे मोजावं लागणार. हे ओझं आहे, यात शंका नाही, आणि छोट्यांना ते जास्त जड जाईल. पण मोजायची आणि लिहून ठेवायची सवय आम्हाला आहे, त्यामुळे मी घाबरलेलो नाही.

प्रत्येक मशीनला वेगळा वीजमीटर लावून झाला आहे. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनीही हीटनुसार युनिटची नोंद द्यायचं कबूल केलंय. इन्स्पेक्शन रूममधल्या मुलींनी त्यासाठी टेस्ट सर्टिफिकेटचा नवा नमुना तयार केला आहे. फाउंड्रीकडून पहिल्या तिमाहीचे आकडे आले की वेअर रिंगच्या कागदावर कार्बनचा रकाना छापून पाठवायला सुरुवात करू.