पासवर्ड फोनमध्येच होता, टीव्हीला मात्र पटेना

नौपाड्यात आई-बाबांकडे नवीन टीव्ही आला. बसवायला आलेल्या मुलाने तो भिंतीवर टांगला, रिमोटमध्ये सेल घातले आणि "वायफाय तेवढं तुम्ही जोडून घ्या" म्हणून निघून गेला. त्या "तेवढं"ने काय काय करायला लावलं ते लिहून ठेवतेय. इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसबद्दलही लिहिणार आहे, कारण तो राग अजून उतरलेला नाही.

घरातलं वायफाय दादाने लावलेलं. तो आता कॅनडात असतो. पासवर्ड त्यानेच ठरवला, आई-बाबांच्या फोनमध्ये टाकून दिला, आणि त्यानंतर तो टाइप करायची वेळ कुणावर आलीच नाही. राउटरच्या बुडाला स्टिकर आहे, पण त्यावर असतो तो कंपनीतून आलेला पासवर्ड. एकदा बदलला की स्टिकर शोभेचा. दादाला मेसेज टाकला. तिकडे रात्र, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागला आणि आलं ते असं: "नक्की आठवत नाही गं. आईचं नाव, जन्मसाल आणि मध्ये काहीतरी स्पेशल कॅरेक्टर, म्हणजे कुणाला ओळखता येऊ नये." कुणालाच आलं नाही. त्यालाही नाही.

ज्या फोनवर वायफाय चालू आहे त्या फोनला पासवर्ड माहीत असतो, एवढं मला ठाऊक होतं. अँड्रॉइड 10 पासून, म्हणजे 2019 पासून, तो शेअर करायची सोय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये वायफाय उघडायचं, जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर किंवा शेजारच्या चाकावर टॅप करायचं, शेअर दाबायचं, पिन किंवा बोट द्यायचं. क्यूआर कोड समोर येतो. दुसऱ्या फोनने तो स्कॅन केला की काम झालं. माझा फोन अँड्रॉइड 9 वरच अडकलाय, त्यात हा पर्यायच नाही, पण बाबांच्या फोनमध्ये होता. इथपर्यंत सगळं चहा उकळेपर्यंत झालं.

पण टीव्हीला कॅमेरा नाही. त्याला क्यूआर कोड दाखवून काय उपयोग! त्याला अक्षरं हवीत, तीही रिमोटने एकेक टिपलेली. काही फोनमध्ये क्यूआर कोडच्या खालीच पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. तुमच्या फोनमध्ये तसा असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, कागदावर उतरवा आणि सुखी व्हा. बाबांच्या फोनमध्ये फक्त काळे-पांढरे चौकोन होते.

मग त्या चौकोनांचा माझ्या फोनने फोटो काढला आणि एका स्कॅनरने वाचला. हा स्कॅनर साधा, कोडमध्ये जे लिहिलंय ते जसंच्या तसं दाखवणारा. एक लांब ओळ आली: सुरुवातीला वायफाय, मग टी, एस, पी, एच अशी एकेक अक्षरं, प्रत्येकापुढे कोलन, आणि प्रत्येक भाग संपला की अर्धविराम. टी म्हणजे सुरक्षेचा प्रकार, एस म्हणजे नेटवर्कचं नाव, पी म्हणजे पासवर्ड. पीपुढे आईचं नाव दिसलं आणि मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं. आईचं नाव, त्यापुढे एक उलटी तिरकी रेघ, मग अर्धविराम, मग चार आकडे. म्हटलं, हेच ते दादाचं स्पेशल कॅरेक्टर. एक सोडून दोन घातलीत पठ्ठ्याने.

टीव्हीवर हे टाइप करणं ही शिक्षाच आहे. अक्षरांचा कीबोर्ड वेगळा, चिन्हांचा वेगळा, आणि तिरकी रेघ तर चिन्हांच्याही दुसऱ्या पानावर. टाकलं. "पासवर्ड चुकीचा आहे." पुन्हा टाकलं, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत, बाबा शेजारी कागद धरून उभे. चुकीचा. पहिलं अक्षर कॅपिटल करून पाहिलं, स्मॉल करून पाहिलं. शून्य की ओ, हाही वाद झाला. शेवटी बाबा म्हणाले, "टीव्हीच खराब दिलाय, परत पाठव."

आईची मालिका बुडू नये म्हणून तेवढ्यापुरता माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला. हॉटस्पॉटचा पासवर्ड हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये सरळ वाचता येतो आणि मनासारखा बदलताही येतो. टीव्ही लगेच जोडला गेला. म्हणजे टीव्ही ठणठणीत होता आणि गडबड पासवर्डातच होती. अशी शंका आली की आधी ही परीक्षा करा, माझी पुढची बरीच डोकेदुखी मी तेव्हाच ओळखायला हवी होती असं नवरा म्हणतो. त्याला म्हणू द्या.

आता इंटरनेटवाले. ठाण्यातलीच एक छोटी कंपनी, नाव घेत नाही. फोन केला तर "रजिस्टर्ड नंबर सांगा". तो दादाचा इथला जुना नंबर, तो जाताना बंद केलेला. "ओटीपी त्याच नंबरवर जाणार, मॅडम." अहो, तो नंबरच अस्तित्वात नाही. "मग केवायसी अपडेट करावं लागेल. आधार, लाइट बिल आणि ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांचं पत्र घेऊन ऑफिसला या." ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे ते टोरांटोत बर्फ उपसतायत. ऐरोलीहून मी त्यासाठी सुट्टी टाकून गेले. स्टेशनजवळचा एका खोलीतला कारभार, बाहेर पाटी "जेवणाची सुट्टी", आणि आत सुट्टी संपली तरी पंखा आणि एक रिकामी खुर्ची. खुर्चीचा मालक आला, फॉर्म दिला, फॉर्मवर "जुना मोबाइल नंबर ओटीपीद्वारे पडताळावा" असा रकाना. मी तो रकाना त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "हो मॅडम, ते कंपल्सरी आहे."

बरं, पासवर्ड सांगता का? तर तो त्यांच्याकडे दिसत नाही. हे मला पटलं, दिसूच नये. पण लगेच पुढचा सल्ला आला: राउटरच्या मागच्या छोट्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा, रीसेट होईल, मग आमचा माणूस येऊन सेटिंग करून देईल, व्हिजिट चार्ज लागेल. हे मात्र कुणीही घाईने करू नका. रीसेट केल्यावर वायफायचा पासवर्ड तर जातोच, पण पुष्कळ कनेक्शनमध्ये कंपनीचं युजरनेम आणि लॉगिनही त्याच राउटरमध्ये भरलेलं असतं, तेही जातं. म्हणजे टीव्हीला नेट नव्हतं, आता घरालाच नाही. आणि त्यांचा माणूस येईपर्यंत बसा वाट बघत. वर तो म्हणे, "तुमचा टीव्ही पाच गिगाहर्ट्झ घेत नसेल." म्हणजे वायफायची ती वेगवान लहर टीव्हीला पकडता येत नसेल. घेत नसता तर आमच्या वायफायचं नाव टीव्हीच्या यादीतच आलं नसतं ना? पासवर्ड चुकीचा कशाला म्हणाला असता? हे मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघून चहा मागवला. स्वतःसाठी.

उलगडा झाला तो नवरा संध्याकाळी घ्यायला आला तेव्हा. त्याच्याकडे आयफोन. बाबांच्या फोनवरचा क्यूआर कोड त्याने कॅमेऱ्यासमोर धरला आणि नेटवर्कला जोडला गेला. म्हणजे कोड बरोबर! आयओएस 16 पासून, म्हणजे 2022 पासून, आयफोनमध्ये वायफायच्या नावाशेजारच्या आय चिन्हावर टॅप केलं की पासवर्डचे ठिपके दिसतात, चेहरा ओळखला की अक्षरं उघडतात. दोन्ही फोन शेजारी ठेवले. त्याच्या फोनवर आईचं नाव, अर्धविराम, चार आकडे. तिरकी रेघ नाहीच.

कारण अगदी साधं आहे. त्या लांब ओळीत अर्धविराम म्हणजे "हा भाग संपला". पासवर्डातच अर्धविराम असेल तर वाचणाऱ्या यंत्राला वाटेल की पासवर्ड तिथेच संपला. म्हणून त्याच्याआधी एक उलटी तिरकी रेघ घालतात: पुढचं चिन्ह पासवर्डचाच भाग आहे, थांबू नकोस. फोन ती रेघ आपोआप गाळतो. साधा स्कॅनर गाळत नाही, आणि टीव्हीला तर ती कशासाठी आहे हेच माहीत नाही. स्वल्पविराम, कोलन आणि खुद्द ती तिरकी रेघ पासवर्डात असेल तरी हेच होतं. इतकी माहिती त्या खुर्चीवरच्या माणसाला असती तर माझी सुट्टी वाचली असती. रेघ गाळून टाइप केलं आणि टीव्ही पहिल्याच झटक्यात लागला. बाबांनी टाळ्या वाजवल्या, कुणासाठी ते विचारू नका.

आठवतंय तोवर इतर गोष्टी. घरात विंडोज 11 चा लॅपटॉप त्याच वायफायवर चालत असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये ओळखीच्या नेटवर्कची यादी असते, तिथे पासवर्ड पाहता येतो, आणि तो तिरक्या रेघेशिवाय. दोन आयफोन असतील तर पासवर्ड टाइपही करावा लागत नाही, फोन जवळ आणले की शेअर करू का असं विचारतो. मात्र दोघांची नावं एकमेकांच्या कॉन्टॅक्टमध्ये हवीत आणि ब्लूटूथ चालू हवं. "सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड दाखवतो" म्हणणारी ॲप्स मी दोन उतरवली आणि जाहिराती बघून काढून टाकली. अँड्रॉइड ते पासवर्ड सिस्टिमच्या आतल्या जागी ठेवतो, फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे सिस्टिमचं आतलं कुलूप तोडल्याशिवाय, बाहेरच्या ॲपला ते दिसत नाहीत. स्टेशनवरच्या फुकट वायफायला पासवर्ड नसतोच, ओटीपी असतो, तेव्हा तिथे शोधू नका.

आणि त्या क्यूआर कोडचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. तो फोटो म्हणजे पासवर्डच. एकाला दिलेला पासवर्ड त्या एकाकडूनच काढून घेता येत नाही, सगळ्यांसाठी बदलावा लागतो. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर ते द्या. राउटर कधी बदललाच तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, घरातली सगळी यंत्रं आपसूक जोडली जातात.

केवायसीचा फॉर्म अजून त्यांच्याच टेबलावर आहे. पुढच्या रिचार्जच्या आत तो व्हायला हवा, कारण रिचार्जचा ओटीपीही दादाच्या बंद नंबरवरच जातो. काल मेसेज आला की "आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे". आला कुणाला, तर आईला, तिचा नंबर मी फॉर्मवर नवीन नंबर म्हणून लिहिला होता. म्हणजे मेसेज पाठवायला तो चालतो.